डॉक्टर, किती दिवस? आयझेनहॉवर यांच्या आजारपणाची गोष्ट

तपासणी झाली की पेशंट बाहेर बाकावर जाऊन बसतो आणि मुलगा किंवा सून मागे थांबते. दार अर्धवट ओढून घेतलं जातं. मग हळू आवाजात प्रश्न येतो: डॉक्टर, खरं सांगा, किती दिवस? कधी शब्द वेगळे असतात. पुन्हा अटॅक येईल का? बाबा दुकानावर बसू शकतील का? फेब्रुवारीत बहिणीचं लग्न आहे, तोवर काही होणार नाही ना?

मी जनरल प्रॅक्टिस करतो. हे प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतात. आणि दर वेळी माझी अडचण एकच असते. तुम्हाला तारीख हवी असते आणि माझ्याकडे फक्त शक्यता असते. मी शक्यता सांगितली की काहींना वाटतं डॉक्टर लपवतोय. काहींना वाटतं याला काही कळत नाही, दुसरीकडे दाखवू या.

हे नुसतं समजावून सांगण्यापेक्षा आज एका पेशंटची गोष्ट सांगतो. नाव तुम्ही ऐकलेलं आहे. ड्वाइट आयझेनहॉवर, दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढणाऱ्या दोस्त सैन्याचे सरसेनापती आणि पुढे आठ वर्षं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष. जन्म १८९०, मृत्यू १९६९. इतिहासाच्या पुस्तकात ते गणवेशात दिसतात. मला मात्र ते हृदयरोगाचे पेशंट म्हणून जास्त ओळखीचे वाटतात. त्यांच्या तब्येतीबद्दल डॉक्टरांनी लहानपणापासून भाकितं केली. काही खरी ठरली, काही चुकली. आणि पूर्ण माहिती हातात नसताना निर्णय कसा घ्यायचा, हे त्यांच्याइतकं फार कमी पेशंटना करावं लागलं असेल.

पाय कापायचा की नाही

ड्वाइट कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन या लहान गावात वाढला. साधारण चौदा वर्षांचा असताना पडून गुडघा खरचटला. जखम किरकोळ होती, पण त्यात जंतुसंसर्ग झाला आणि पाय वरपर्यंत सुजत गेला. त्यांनी आठवणींत लिहिलंय त्याप्रमाणे डॉक्टरांचं मत पडलं की जीव वाचवायचा तर पाय कापावा लागेल. मुलानं नकार दिला. आपण शुद्धीवर नसलो तरी कुणाला पाय कापू द्यायचा नाही, असं त्यानं थोरल्या भावाकडून, एडगरकडून वचन घेतलं आणि एडगर खोलीपाशी पहारा देत बसला. काही दिवसांनी सूज उतरली. पाय वाचला.

घरोघरी सांगितली जाते तशी ही गोष्ट आहे आणि सांगता सांगता ती थोडी वाढलीही असेल. अशा गोष्टी आपल्याला फार आवडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक येते, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि माणूस आज ठणठणीत आहे. पण एक लक्षात घ्या. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. पेनिसिलिन वापरात यायला अजून जवळपास चाळीस वर्षं होती. असा संसर्ग रक्तात पसरून मुलं दगावत. ज्यांनी पाय कापू दिला नाही आणि जे वाचले नाहीत, त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत. आपल्यापर्यंत वाचलेल्याचीच गोष्ट पोचते. म्हणून मला तो डॉक्टर चुकला असं वाटत नाही. त्याचं म्हणणं अशा अनेक मुलांबद्दल बरोबर होतं. हा मुलगा नेमका वाचणाऱ्या थोड्यांमध्ये निघाला. आज मधुमेही पेशंटच्या पायाला गँगरीन झालं आणि सर्जननं बोट काढायला सांगितलं, तर कृपा करून आयझेनहॉवर यांचं उदाहरण देऊ नका.

पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत फुटबॉल खेळताना गुडघा दुखावला. १९१५ मध्ये शिक्षण संपलं तेव्हा तिथले वैद्यकीय प्रमुख त्यांची अधिकारी म्हणून शिफारस करावी की नाही, अशा विचारात होते. शेवटी केली. त्या गुडघ्यानं पुढे काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

एक आघात मात्र त्यांना कधीच विसरता आला नाही. त्यांचा पहिला मुलगा जानेवारी १९२१ मध्ये स्कार्लेट फीवरनं गेला. तीन वर्षांचा होता. घरात कामाला ठेवलेली मुलगी नुकतीच त्याच आजारातून उठली होती आणि हे आईवडिलांना माहीत नव्हतं. आपण चौकशी केली असती तर, हा सल त्यांना आयुष्यभर राहिला. दर वर्षी मुलाच्या वाढदिवसाला ते पत्नीला, मॅमी यांना, फुलं पाठवत. तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर हा सल तुम्हाला ओळखीचा वाटेल. नंतर मागे वळून पाहिलं की सगळे धोके ठळक दिसतात. तेव्हा ते तसे दिसत नव्हते, म्हणूनच कुणी काही केलं नव्हतं.

हवामानाचा अंदाज

आता थोडा वेळ आजारपण बाजूला ठेवतो, कारण त्यांच्या आयुष्यातला अंदाजाचा सर्वांत मोठा प्रसंग दवाखान्यातला नाही.

जून १९४४. इंग्लंडमधून समुद्र ओलांडून फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं होतं. चंद्रप्रकाश आणि ओहोटी दोन्ही सोयीचे असे दिवस ५ ते ७ जून हेच होते. ते चुकले तर पुढची संधी साधारण दोन आठवड्यांनी. ५ जूनचा मुहूर्त वादळामुळे पुढे ढकलावा लागला. हवामानप्रमुख जेम्स स्टॅग यांच्या हाताखालच्या ब्रिटिश आणि अमेरिकन तज्ज्ञांचं आपसात पटत नव्हतं. तुम्ही एकाच रिपोर्टवर तीन डॉक्टरांची तीन मतं घेऊन हैराण झाला असाल, तर त्या बैठकीचा अंदाज येईल. शेवटी स्टॅग यांनी सांगितलं की वादळात थोडी उसंत मिळेल, ६ तारखेला हवा उतरण्यापुरती बरी असेल. खात्री कुणीच दिली नाही.

आयझेनहॉवर यांनी होकार दिला. आणि त्याच वेळी आणखी एक काम केलं. मोहीम फसली तर जाहीर करायचा मजकूर त्यांनी एका चिठ्ठीवर आपल्या हातानं लिहून ठेवला. अपयशाची सगळी जबाबदारी त्यात त्यांनी एकट्यावर घेतली होती. चिठ्ठीवर महिना जूनऐवजी जुलै असा चुकून पडला, यावरून मनावर किती ताण होता ते कळतं. ६ जूनला दीड लाखाहून जास्त सैनिक उतरले, मोहीम यशस्वी झाली आणि चिठ्ठीची गरज पडली नाही. दोन आठवडे थांबायचं ठरलं असतं तर? नेमक्या त्याच सुमारास, १९ जूनपासून, खाडीत मोठं वादळ झालं आणि किनाऱ्यावर उभारलेलं एक कृत्रिम बंदर त्यात मोडून पडलं.

मला यात महत्त्वाची वाटते ती चिठ्ठी. पेशंटचे नातेवाईक मला सांगतात की वाईट बोलू नका, त्यांचा धीर सुटेल. वाईटाची तयारी केली म्हणजे आशा सोडली, असं आपल्याकडे धरलं जातं. हा माणूस तर खिशात अपयशाची चिठ्ठी ठेवून यशाचा हुकूम देत होता. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

रात्री दोनच्या सुमारास

सप्टेंबर १९५५. आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष होते, वय ६४. सुट्टीसाठी डेन्व्हरला सासुरवाडीच्या घरी उतरले होते. एकेकाळी दिवसाला चार पाकिटं सिगारेट ओढणाऱ्या या माणसानं १९४९ मध्ये ती एकदम सोडली होती. २३ तारखेला ते २७ होल गोल्फ खेळले, दुपारी कच्चा कांदा घातलेलं हॅम्बर्गर खाल्लं आणि मग पोट बिघडल्यासारखं वाटू लागलं. कांदा बाधला असं त्यांनाही वाटलं. रात्री दीड-दोनच्या सुमारास छातीत जोरात दुखून जाग आली. मॅमी यांनी आधी पोटाचं औषध दिलं, मग डॉक्टरांना फोन केला.

त्यांचे डॉक्टर हॉवर्ड स्नायडर यांनी मॉर्फिन दिलं. सकाळी बातमीदारांना सांगण्यात आलं की पचनाची तक्रार आहे. ईसीजी काढला गेला तो दुपारी. त्यात हृदयविकाराचा झटका स्पष्ट दिसला. मग त्यांना आधार देऊन चालवत गाडीपर्यंत नेलं आणि लष्कराच्या रुग्णालयात दाखल केलं. स्नायडर यांना रात्रीच निदान कळलं होतं की ते चुकले होते, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. तुमच्यासाठी यातली गोष्ट सरळ आहे. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसालाही हे आधी गॅस झाल्यासारखंच वाटलं होतं. छातीत दाब येऊन दुखत असेल, घाम येत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ओवा-सोडा घेऊन सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पेशंटला जिने उतरायला लावू नका. ईसीजी पंधरा मिनिटांत निघतो.

२४ सप्टेंबर हा त्यांच्या गेलेल्या मुलाचा वाढदिवस होता. असा योगायोग दिसला की त्यात संकेत शोधणारे खूप भेटतात. वर्षात ३६५ दिवस असतात आणि कुटुंबात आठवणीच्या तारखाही बऱ्याच असतात. मी एवढंच म्हणेन की मॅमी यांच्यासाठी तो दिवस दुप्पट जड गेला असणार.

सोमवारी शेअर बाजार गडगडला. एका दिवसात साधारण १४ अब्ज डॉलरचं मूल्य नाहीसं झालं. एका माणसाच्या हृदयाबद्दल काहीच खात्रीनं सांगता येत नाही, याची ती किंमत होती. बॉस्टनचे प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी बातमीदारांसमोर बसून झटका म्हणजे काय ते साध्या भाषेत सांगितलं, पेशंटला शौचाला साफ झाल्याचंसुद्धा सांगितलं. लोक हसले, पण ती माहिती उगीच नव्हती. झटक्यानंतर कुंथणं हृदयाला त्रासदायक असतं आणि आम्ही वॉर्डात आजही हा प्रश्न विचारतो.

तेव्हा अँजिओप्लास्टी नव्हती, स्टॅटिन नव्हतं, आजच्यासारखा आयसीयूही नव्हता. ऑक्सिजन, विश्रांती आणि रक्त पातळ ठेवणारी औषधं, एवढंच हाताशी होतं. आज ज्या वॉरफरिनसाठी तुम्ही आयएनआर तपासता, ते मूळचं उंदीर मारायचं औषध. माणसांत तेव्हा नुकतंच वापरायला लागले होते आणि आयझेनहॉवर त्याच्या पहिल्या नामवंत पेशंटपैकी एक. सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, ते रुग्णालयातून बाहेर पडले.

पाच ते दहा वर्षं

आता प्रश्न होता पुढच्या निवडणुकीचा. आणखी चार वर्षं हे हृदय साथ देईल का? सगळा देश डॉक्टरांना तेच विचारत होता, जे तुम्ही मला दार ओढून विचारता.

फेब्रुवारी १९५६ मध्ये व्हाइट यांनी उत्तर दिलं. ते पुढची पाच ते दहा वर्षं सक्रिय आयुष्य जगू शकतील, अशी शक्यता आहे. वाक्य नीट पाहा. तारीख नाही, पल्ला आहे. शक्यता हा शब्द आहे. आणि लढायचं की नाही, हे त्यात नाही, कारण तो निर्णय डॉक्टरांचा नव्हता. २९ फेब्रुवारीला आयझेनहॉवर यांनी उभं राहत असल्याचं जाहीर केलं.

असा पल्ला येतो कुठून? समजा सारखाच आजार, सारखंच वय असलेले शंभर पेशंट एका रांगेत उभे केले. काही वर्षाच्या आतच जातील, काही वीस वर्षं काढतील, बरेचसे मधे कुठेतरी असतील. रांग कशी दिसेल हे डॉक्टर बऱ्यापैकी सांगू शकतो. तुमचे वडील त्या रांगेत नेमके कुठे उभे आहेत, हे त्याला दिसत नाही. तपासण्यांनी रांग थोडी लहान होते, इतकंच. हवामानासारखंच आहे. उद्याच्या पावसाचं बरंच नीट सांगता येतं, पुढच्या महिन्यातल्या अमुक दिवसाचं नाही. आयसीयूतल्या पेशंटचे पुढचे चोवीस तास आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटची पुढची पाच वर्षं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आणि आम्ही चुकतो, हेही सांगून टाकतो. २००० साली शिकागोतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अखेरच्या टप्प्यातले पेशंट किती जगतील याचा अंदाज त्यात डॉक्टरांना विचारला होता. बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त काळ सांगितला. पेशंटशी ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकण्याकडे कल. फॅमिली डॉक्टरनं हे वाचून गप्प बसावं असंच आहे. मी स्वतः एका आजींच्या घरी सांगितलं होतं की अजून काही महिने आहेत, पुण्याचा मुलगा दिवाळीला आला तरी चालेल. आजी नवरात्रात गेल्या. मुलाची भेट झाली नाही. तो मला काही बोलला नाही, पण तेव्हापासून मी एवढं तरी पाळतो की लांबच्या माणसाला बोलवायचं की नाही असा प्रश्न आला, तर बोलवा असंच सांगतो.

म्हणून किती दिवस याऐवजी तुम्ही मला दुसऱ्या पद्धतीनं विचारा. सगळं नीट गेलं तर काय होईल, वाईट गेलं तर काय होईल आणि तुम्हाला जास्त शक्यता कशाची वाटते? काय दिसलं तर आपण बेत बदलायचा? पुन्हा कधी बसून ठरवायचं? या प्रश्नांची उत्तरं कुठलाही डॉक्टर देऊ शकतो आणि त्यावर घरात काही ठरवता येतं.

ज्याचा कुणी विचार केला नव्हता

सगळ्यांचं लक्ष हृदयाकडे असताना जून १९५६ मध्ये आतड्यानं दगा दिला. क्रोन्स डिसीज हा लहान आतड्याचा जुना आजार त्यांना होता, नुकताच तपासणीत दिसलेला. आतडं अडलं. झटक्याला नऊ महिनेही झाले नव्हते आणि ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता. डॉक्टरांनी बराच वेळ थांबून पाहिलं, मग ९ जूनला पहाटे ऑपरेशन केलं. ते त्यातून उठले. नोव्हेंबरात निवडणूक मोठ्या फरकानं जिंकले.

मग २५ नोव्हेंबर १९५७. कार्यालयात बसले असताना हातातले कागद सावरेनात, बोलायला गेले तर शब्द येईना. पक्षाघाताचा सौम्य झटका. काही दिवसांत वाचा परत आली, तरी मनातला शब्द सोडून दुसराच तोंडी येण्याचा त्रास अधूनमधून राहिला. आता आपण या कामाला लायक आहोत का, ही शंका त्यांची त्यांनाच पडली. तीन आठवड्यांनी पॅरिसला नाटो देशांची परिषद होती. ती परीक्षा धरायची, असं त्यांनी ठरवलं. नीट पार पाडता आली तर पुढे चालायचं, नाहीतर राजीनामा. ते गेले आणि परिषद पार पडली.

पक्षाघातानंतर पेशंट विचारतात की पूर्वीसारखं होईल का. उत्तर आधी मिळत नाही. पण पुढच्या पंधरा दिवसांसाठी एक ठरावीक गोष्ट निवडता येते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणं, हिशेबाची वही पुन्हा लिहिणं, फोनवर स्वतः बोलणं. ती जमते का बघायचं आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. फिजिओथेरपिस्टही हेच करत असतात.

१९४४ च्या चिठ्ठीसारखी चिठ्ठी त्यांनी पुन्हा लिहिली. फेब्रुवारी १९५८ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पत्र लिहून, आपण काम करण्याच्या अवस्थेत नसलो तर सूत्रं कुणी, कशी हाती घ्यायची, ते ठरवून दिलं. आपल्याच बोलण्याचा भरवसा नसेल तर निर्णय निक्सन यांनी घ्यावा, हेही त्यात होतं. अशी तरतूद अमेरिकेच्या राज्यघटनेत १९६७ मध्ये आली. तुमच्या घरातलं पत्र एवढं मोठं नसतं. बँकेतलं नॉमिनेशन, मृत्युपत्र, व्हेंटिलेटर लावायचा की नाही हे कुणी सांगायचं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. हे पेशंट बोलू शकतो तेव्हाच करायचं असतं.

डिसेंबर १९५९ मध्ये ते भारतातही आले. दिल्लीत रामलीला मैदानावर प्रचंड सभा झाली, नेहरूंबरोबर त्यांनी ताजमहाल पाहिला. झटक्याला चार वर्षं झाली होती, पक्षाघाताला दोन. १९६१ मध्ये मुदत पूर्ण करून ते गेटिसबर्गच्या शेतावर राहायला गेले.

व्हाइट यांनी सांगितलेली वरची मर्यादा दहा वर्षांची होती. बरोबर त्या सुमारास, नोव्हेंबर १९६५ मध्ये, पुन्हा झटका आला. १९६८ मध्ये एकामागून एक आणखी आले. वॉल्टर रीड रुग्णालयातून ते मग घरी गेलेच नाहीत. त्या डिसेंबरात नातवाचं लग्न झालं, ते त्यांनी रुग्णालयातच टीव्हीवर पाहिलं. २८ मार्च १९६९ रोजी, ७८ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन ते गेले. पहिल्या झटक्यानंतर साडेतेरा वर्षांनी.

शवविच्छेदनात मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीत दीड सेंटिमीटरची एक गाठ सापडली. फिओक्रोमोसायटोमा. या गाठीतून रक्तदाब एकाएकी चढवणारी रसायनं सुटतात. त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षं वर-खाली होत असे आणि त्याचं खापर तापट स्वभावावर फोडलं जाई. ही गाठ किती वर्षं तिथे होती आणि तिनं किती नुकसान केलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. इतक्या नामांकित डॉक्टरांनी इतकी वर्षं तपासलेल्या पेशंटच्या पोटात ती होती, आणि जिवंतपणी तिची शंकाही कुणाला आली नव्हती.